आबांची मूठ

"कोनी शे तू?"

धानोऱ्यात मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा आबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी आपली मिरजेकडची, बदली होऊन नंदुरबार जिल्ह्यात येऊन पडलेली. अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता. मला वाटलं, म्हातारा 'कोण आहेस' असं विचारतोय. म्हटलं, मी शिक्षिका, इथल्या शाळेवर नवीन आलेय. ते ओट्यावर बसले होते. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. हात मात्र बघत राहावेत असे होते. देहाच्या मानानं कितीतरी मोठे, बोटं जाड, तळवे रुंद.

"ते माले दिसस. कोनी शे?"

आतून त्यांची बायको पदर सावरत आली. सगळे तिला माय म्हणायचे, पुढं मीही म्हणायला लागले. तिनं मला समजावलं, कोणाची आहेस विचारतायत, बापाचं नाव सांग. सांगितलं. "त्याना बाप?" तेही सांगितलं. "त्याना बाप?" इथं मात्र माझी गाडी अडली. पणजोबांचं नाव हो कोणाला माहीत असतं?

"तीन पिढीमाच सरी गई तू?" आबा म्हणाले, आणि खोली द्यायची नाही असं हातानंच सांगून मोकळे झाले.

मी मुळातली तापट. म्हटलं, भाडं मी देणार आहे, माझे पणजोबा नाही देणार. त्यावर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. गावात दुसरी खोली मिळेना, तेव्हा नाक मुठीत धरून मी काकाला फोन लावला. काकानं आत्याला विचारलं, आत्यानं आणखी कोणाला, आणि संध्याकाळी नाव मिळालं, गणू. मी जाऊन सांगितलं तर आबांनी ते नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि म्हणाले, "हां. आते बठ." अशी मला खोली मिळाली. आणि पणजोबाही मिळाले म्हणायचे.

आबांना माणूस नुसता माणूस म्हणून दिसतच नसे. एसटीत शेजारी कोण बसला, की यांचं सुरू, "कोना शे?" समोरचा बिचारा गाव सांगे, धंदा सांगे. आबांना त्यात काडीचा रस नसे. शाळेत झेंडावंदनाला येऊन बसले, की पोरांच्या रांगेकडे बघून मला सांगायचे, हाऊ अमक्याना पणतू, याना पणजा बैलगाडीखाल सापडना व्हता. हेडमास्तर लांबून आबांना बघितलं की कामाचं सोंग आणून ऑफिसात शिरायचे. तेही कोणाचे कोण हे आबांनी काढून ठेवलं होतं ना!

आणि स्वतःच्या कुळाचं तर विचारूच नका. सगळ्यात वरचा झिपरू. त्याचा उखडू. आधीची पोरं जगेनात म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टाकून परत उचललेला, म्हणून उखडू. त्याची पोरं लोटन आणि ओंकार. लोटनचा धुडकू, धुडकूची दोघं, त्यातला भिला म्हणजे आबांचा बाप, आणि दुसऱ्याचा मुलगा म्हणजे शेजारच्या घरातले नाना, आबांचे चुलतभाऊ. फांद्या आणखी पुष्कळ. दाढी करताना, विहिरीवर, दातण चावताना आबा नावं पुटपुटत. कोण कोणाचा, कोण लहानपणी गेला, कोण घर सोडून गेला. माझी खोली ओट्याला लागून, तेव्हा कानावर पडून पडून मलाही सगळं पाठ झालं. वर्गातल्या पोरांना पाढे येईनात आणि बाईंना लोकांचे खापरपणजे तोंडपाठ! माझं मलाच हसू यायचं.

लिहून मात्र ठेवू देत नसत. मी एकदा वही काढली तर माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "कागदवर नाव लिखं का तोंडमधून गयं," म्हणाले. मला ते तेव्हा म्हाताऱ्याचं खूळ वाटलं.

नानांच्या थोरल्या मुलाला एकदा जातपडताळणीसाठी वंशावळ हवी होती. तो कागद घेऊन ओट्यावर आला. आबांनी झिपरूपासून लावलं. तो कंटाळला. म्हणाला, "आबा, माले नुसती सरळ रेघ पाहिजे. मन्हा आजापर्यंत. बाकीना काय कामना?" आबा थांबेनात. ओंकारपाशी आले तेव्हा पोरगा लिहिता लिहिता म्हणाला, "ओंकारबाबानं काय लिखू? निपुत्रिक लिखी देस."

आबांनी पाण्यानं भरलेला तांब्या फेकून मारला. पोरगा चुकवून उठला म्हणून वाचला, पाणी सगळं कागदावर. मी खोलीतून धावत बाहेर आले.

"तो शब्द मन्हा ओटावर बोलू नको!" आबा ओरडले. "ज्याना मांगे कोनी नही, त्यानं नाव मी लेस. मी लेस म्हनीसन तो शे."

पोरगं भिजलेला कागद घेऊन शिव्या घालत गेलं. बाहेरून वकिलाकडून हवं तेवढं करून घेतलं त्यानं. मला मात्र आबांचा राग आला होता. एवढं काय त्या शब्दात? मला अजून काही माहीत नव्हतं.

पहिल्या श्रावणात मी कानबाई बघितली. खानदेशात ही मोठी देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड भाकरी. आबांच्या कुळात रोटाचे गहू मोजायची रीत अशी, की कुळातल्या प्रत्येक जिवंत पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मूठ घरातल्या वडीलधाऱ्याची, म्हणजे आबांची. म्हणून ते आठ दिवस आधीपासून त्या उजव्या हातानं बादलीसुद्धा उचलत नसत.

समोर टोपली. भाऊबंद कडेनं बसलेले. आबा एकेक नाव घेत, मूठ भरत, टोपलीत सोडत, मग वरची पाव मूठ चिमटीनं. धानोऱ्यातले झाले, मग सुरतेला गेलेले, पुण्याला गेलेले, एक तर पार कुठं परदेशी होता, त्याचीही मूठ. सगळे झाले. नाना उठायला लागले. आबांनी मात्र आणखी एक मूठ भरली आणि नाव न घेता टोपलीत सोडली. मला वाटलं, देवीची असेल.

आता गंमत बघा. ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा चालत नाहीत, मग परक्याची काय कथा. आणि पुनवेच्या आत संपवायचेच. मुठी टाकल्या अख्ख्या कुळाच्या, खायला धानोऱ्यात उरलेली चार घरं. सुरतवाल्यांनी फोनवर पाया पडून घेतलं. पुणेवाल्यांनी फोटो पाठवा म्हणून सांगितलं. नानांची पोरं दोन घास खाऊन पसार. उरलेला ढीग आबा आणि माय, दोन म्हातारी माणसं, सकाळ-संध्याकाळ खात बसलेली.

"कोन खाई हाई सम्दं?" माय कपाळाला हात लावायची.

"ज्यासनी मूठ, त्यासना घास," आबा म्हणायचे आणि दुधात रोट कुस्करायचे. घास घेताना नाव घ्यायचे. "हाऊ सुरतना. हाऊ त्याना धाकलाना."

पोट बिघडलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी वैतागून विचारलं, आजोबा, खाल्लंत तरी काय? आबा म्हणाले, भाऊबंद. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

मी न राहवून म्हटलं, अहो, शाळेतल्या पोरांना द्या की, दुवा देतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवी विकायला काढली. "परका कुळना तोंडमां जावाले नको." चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मी वरून हसले, पण खरं सांगू? तो माणूस तोंड वाकडं करत, उचक्या देत, आला नाही त्याच्या वाटणीचा घास गिळतोय हे बघून मी उठून खोलीत जायचे. एवढी माणसं मोजायची आणि ताटावर एक नाही.

आबांच्या पुढं कोण, हे मी एकदा सहज विचारलं. सगळ्यांच्या फांद्या सांगता, तुमची राहिलीच की. आबा म्हणाले, "मन्हा नंतर नाना," आणि नानांची पोरं सांगायला लागले. माय भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनंच मला चुलीपाशी बोलावलं. एकच मुलगा तिला, दिलीप. आयटीआय करून विसरवाडीला हायवेवर टायरचं दुकान टाकलं. तिथंच नवापूरकडच्या एका आदिवासी मुलीशी लग्न केलं. ती चिंचपाड्याला दवाखान्यात नर्स. पोरगी चांगली, शिकलेली, पण भाऊबंद बसले आणि म्हणाले, आता याची मूठ कशी टाकायची? त्या श्रावणात आबा नावं घेत घेत दिलीपपाशी आले, मूठ भरली, आणि परत पोत्यात सोडून दिली. दिलीप तिथंच उभा होता. तो चपला घालून निघून गेला, तो परत आला नाही.

"मग ती शेवटची मूठ?" मी विचारलं. "ज्याचं नाव घेत नाहीत ती?"

"नातूनी," माय म्हणाली.

दिलीपला मूल झाल्याचं आबांना कोणाकडून तरी कळलं होतं. मुलाची मूठ तोडली, नातवाची तोडायचा जीव झाला नाही. नाव माहीत नाही, म्हणून मुक्यानंच टाकत होते. विचारायचं कोणाला? तोंड कुठं होतं विचारायला?

मग माय माझ्या जवळ सरकली. तिला बायकांकडून सगळं कळलं होतं. "आंडेर शे वं," म्हणाली. "सोनल. त्यासले वाटस आंडोर शे. मी सांगं तर मूठ बंद करी देतीन."

आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा. मला तोवर एवढं कळायला लागलं होतं. पुरुषांच्या मुठींमध्ये एक मुलगी नाव न घेता मोजली जात होती, आणि ती तशीच मोजली जावी म्हणून ही बाई वर्षानुवर्षं गप्प होती. मला बोलायचं पुष्कळ होतं, पण मायचा चेहरा बघून मी भाजीच निवडायला घेतली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी दिलीप गेला. रस्त्याकडेला ट्रकचं चाक बदलत होता, मागून दुसऱ्या ट्रकनं उडवलं. नानांना कोणीतरी फोन केला, नाना येऊन ओट्याच्या खालीच उभे राहिले आणि सांगितलं. माय आत पडून ऊर बडवत होती. भाऊबंदांनी सुतक धरायचं नाही ठरवलं. आबा विसरवाडीला गेले नाहीत. उन्हात ओट्यावर बसून राहिले. मी पाणी दिलं, तर तांब्या हातात धरून तसेच.

"अहो, जा की!" मी ओरडले. "तुमचा मुलगा गेलाय!"

नाही गेले. मी त्यांना त्या दिवशी मनातून इतक्या शिव्या दिल्या, की काय सांगू.

आखाजी जवळ आली. अक्षय्य तृतीयेला तिकडे पितरांची घागर भरतात आणि गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकून एकेकाचं नाव घेतात. तेव्हा आबा हलले. म्हणाले, दिलीपचं नाव घ्यायला पाहिजे. "पन बापनं नाव आंडोर लेस. आंडोरनं नाव बाप कसा ली?" नातवाला आणायचं, त्याच्या हातानं घास टाकायचा, भाऊबंदांना काय बोलायचं ते बोलू दे. मायनं माझ्याकडे बघितलं. मी मायकडे. नंदुरबारच्या बाजारातून आबांनी एक छोटी पांढरी टोपी आणली, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली.

आम्ही तिघं नंदुरबारला बस बदलून विसरवाडीला गेलो. भर दुपार. हायवेला ट्रकांची रांग, ढाब्यांचा धूर. दुकानाचं शटर बंद, त्यावर अजून त्याचं नाव. मागं दोन खोल्या. सून ड्युटीवरून नुकतीच आली होती, अंगात पांढरा ड्रेस तसाच. दारात आम्हाला बघून ती बाजूला झाली, या म्हणाली, चटई टाकली. रडली नाही, भांडली नाही.

आबांनी इकडेतिकडे बघितलं. "पोऱ्या कोठे शे?"

"कोण पोऱ्या?" सून म्हणाली.

आतून एक मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन आली. आठनऊ वर्षांची, दोन वेण्या, अंगात शाळेचा फ्रॉक. "हीच एक आहे," सून म्हणाली. "सोनल, पाया पड आजोबांच्या."

मुलीनं ग्लास पुढं केला. मी तिचे हात बघितले. बाई गं! एवढ्याशा देहाला ते रुंद तळवे, ती जाड बोटं. आबांनीही बघितले. ग्लास घ्यायला त्यांचा हात पुढं झाला, तेव्हा एका ग्लासाभोवती दोन हात, एकाच घडणीचे, एक म्हातारा आणि एक कोवळा. मला वाटलं, आता हा माणूस विरघळेल. त्यांनी पाणी घेतलं नाही. पिशवी मांडीवर उलटी करून धरली, टोपीचा कागद दिसू नये म्हणून. मग उठले आणि चालायला लागले.

बसमध्ये पुढच्या सीटकडे बघत आबा म्हणाले, "तुले मालूम व्हतं?"

"मालूम व्हतं," माय म्हणाली.

"कव्हयपासून?"

"पहिलापासून."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. आखाजीला निखाऱ्यावर घास टाकताना झिपरूपासून भिलापर्यंत आले, आणि पुढचा घास हातात घेऊन अडले. तेव्हा माय दारातूनच मोठ्यानं म्हणाली, "दिलीप!" बायकांनी तिथं नाव घ्यायचं नसतं. नानांनी वळून बघितलं. आबांनी घास निखाऱ्यावर सोडला, पण मायकडे बघितलं नाही.

त्या श्रावणात शेवटची मूठ पडली नाही. सगळी नावं झाली, आबांनी हात झटकले आणि टोपली पुढं सरकवली. माय वाट बघत उभी होती. "झायं?" तिनं विचारलं. रोट तिनं केले, सगळे केले, पण स्वतः त्यातला तुकडा तोंडात घातला नाही. आबा एकटेच खात बसले.

माय त्या हिवाळ्यात गेली. ताप आला आणि गेली. अबोला तसाच राहिला. तिला नेलं तेव्हा आबा मला म्हणाले, "बोलनारच व्हतो." एवढंच. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

मायच्या दुखवट्याचा श्रावण तसाच गेला. वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या श्रावणात कानबाई आली. तीच टोपली, तेच भाऊबंद. आबा खूप थकले होते, मूठ पूर्ण मिटत नव्हती, गहू बोटांतून गळत होते. सगळी नावं झाली. मग त्यांनी आणखी एक मूठ भरली, आणि या वेळेस मुक्यानं नाही, मोठ्यानं म्हणाले:

"सोनल. दिलीपनी."

गहू टोपलीत पडले. वरची पाव मूठसुद्धा त्यांनी नीट चिमटीनं टाकली.

नाना उभे राहिले. "आबा, हाई काय करं तुम्हीन? आंडेरनी मूठ? ती बी..." पुढचं त्यांनी गिळलं. "हाई पीठ आम्हले चालाव नही."

"तोंड मन्हं शे, मूठ मन्ही शे," आबा म्हणाले.

भाऊबंद उठले. भांडण नाही, आरडाओरडा नाही, एकेक जण चप्पल शोधून निघून गेला. त्या वर्षी नानांच्या घरी वेगळी कानबाई बसली. नानांनी स्वतःच्या मुठीनं गहू मोजले आणि नावं विसरले तिथं पोरांना विचारून घेतली. वाजंत्री तिकडे, बायका तिकडे. आबांच्या घरात टोपलीभर गहू आणि एकटे आबा.

दळून आणलं. मला पिठाला हात लावता येत नव्हता, मी परकी. त्यांनीच मळलं, त्यांनीच थापलं. आयुष्यात चुलीपुढं न बसलेला माणूस, काही रोट जळले, काही मधे कच्चे. खाताना नावं घेत होते, पण खाणारा एक आणि ढीग केवढा! पुनव जवळ यायला लागली, तेव्हा त्यांनी चांगले निघालेले रोट फडक्यात बांधले आणि मला म्हणाले, चल. लग्न होईतो मुलगी बापाच्या कुळाची, तिला रोट चालतात. ही गोष्ट त्यांना केवढा आधार देत होती! बसमध्ये मला तीनदा सांगितली.

सून दारातच भेटली. आबांनी फडकं पुढं केलं. मी समजावून सांगितलं, सोनलच्या नावानं मूठ टाकली, नाव घेऊन टाकली, सगळ्यांसमोर.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, दिलीप दर श्रावणात त्या रविवारी दुकान बंद ठेवायचा. सकाळपासून आंघोळ करून बसायचा. कोणीतरी बोलवायला येईल म्हणून. तेव्हा तुम्ही आला असता तर मी स्वतः तुमचे रोट भाजायला बसले असते. आता नको. तुमचं शेत नको, रोटही नको. पोरीला मी सांगितलंय, आपण दोघीच."

सोनल तिच्या मागून डोकावत होती. "मम्मी, त्यात काय आहे?"

"काही नाही," सून म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. आजही येत नाही. पण आबा त्या दारात ते फडकं दोन्ही हातांनी धरून उभे होते, आणि घ्यायला कोणी नव्हतं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. येताना बसमध्ये त्यांनी गाठ सोडली, एक तुकडा मोडला, "सोनलनी" म्हणाले आणि तोंडात घातला. बराच वेळ चघळत राहिले.

पुनवेला रोट उरले. त्या घरात पहिल्यांदाच उरले असतील. आबांनी मागच्या अंगणात खड्डा खणला, मी बाजूला उभी होते. रोट पुरून, माती ओढून ते तिथंच बसले. "बुजी गयं," म्हणाले. विझलं. मी हात धरून आत आणलं.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघताना पाया पडले तर म्हणाले, "गणूनी पणती शे तू. ध्यानमां ठेव." मी हो म्हटलं. त्यानंतर पावसाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. अग्नी नानांनी दिला.

परवा फोन आला. नानांच्या धाकट्या मुलाचा. गोड आवाज, मॅडम ओळखलं का, वगैरे. त्याच्या मुलीला मेडिकलला घालायचंय, पडताळणी अडकलीय. समितीनं पूर्ण वंशावळ मागितली, वरपासून, सगळ्या फांद्यांसकट. आणि धुडकूच्या वर कोण हे घरात कोणालाच माहीत नाही. नानांनाही नाही. "आबा तुमना पुढे बोलेत ना मॅडम. तुम्हले पाठ शे म्हने."

क्षणभर वाटलं, फोन आपटावा. पण त्या पोरीचं काय चुकलं? मी सांगायला लागले. झिपरू. उखडू. लोटन आणि ओंकार. नावं माझ्या तोंडून आबांच्याच ठेक्यात येत होती. तिकडे पोरगा लिहीत होता. ओंकार निपुत्रिक, धुडकू, भिला. मग आबा.

"आबांचा दिलीप," मी म्हटलं. "दिलीपची सोनल."

"त्या फांदीनं काम नही मॅडम."

"का? तुझ्या मुलीचं नाव चालतं ना खाली?"

"मॅडम, तिना अर्ज शे." तो हसला. वाईट हेतूनं नाही, साधंच हसला. "त्या लोक कागद देवाव नहीत, सही देवाव नहीत. कसाले घोळ?"

"मग आबांपुढं काय लिहितोयस?"

"निपुत्रिक लिखी दिधं."

आबांचा तांब्या आठवला, भिजलेला कागद आठवला. तिकडून पान उलटल्याचा आवाज आला.

"हां मॅडम. आबा झाया. फुडे कोन?"

पुढं नाना होते. मी नानांचं नाव सांगितलं.